लाकडी धनुष्य घडवताना मशीन कधी बंद करायचं? या चुका टाळा

माझं दुसरं धनुष्य वाकायला लागलं, तेव्हा त्याची डावी भुजा (मुठीच्या एका बाजूचा वाकणारा भाग) उजवीपेक्षा जरा ताठ होती. स्क्रेपरने खरवडत बसलो असतो तर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पण बेल्ट सँडर शेजारीच होता, प्लगही लावलेला. म्हटलं, दोन हात फिरवू आणि मोकळे होऊ. दोन हात फिरले. दोरी चढवून ओढलं, तर तीच भुजा आता मुठीपासून वीतभर अंतरावर बिजागरीसारखी दुमडत होती. व्हर्नियर लावून पाहिला. तिथलं एक मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त लाकूड गेलं होतं. एवढंच.

हे ‘एवढंच’ नीट कळलं की हातहत्यारं बरी की मशीन, या वादातला निम्मा जीव निघून जातो. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ३८ मिलिमीटर रुंद भुजेची रुंदी एक मिलिमीटरने कमी केली, तर ताठपणा अडीच-तीन टक्क्यांनी घटतो. हाताला कळतही नाही. तेच १२ मिलिमीटर जाडीची ११ झाली, की ताठपणा २३ टक्क्यांनी घटला. पूर्ण भुजा तेवढी पातळ झाली तर ४५ पौंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं धनुष्य ३५वर येतं. ताज्या खरखरीत पट्ट्याच्या सँडरला हा एक मिलिमीटर घ्यायला काही सेकंद पुरतात. स्क्रेपरला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात तुम्ही दहा वेळा थांबून पाहता.

मशीन वापरलं म्हणजे धनुष्य बाटलं, असं मानणारी मंडळी असतात. हे हत्यारांचं सोवळं मला पटत नाही. १९९१ साली आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर बर्फात सापडलेल्या ओत्झी या प्राचीन माणसाच्या गोठलेल्या शवाजवळ यू लाकडाचं १.८२ मीटर लांबीचं अर्धवट धनुष्य होतं. पाच हजार वर्षांहून जुन्या त्या लाकडावर कुऱ्हाडीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, ती त्यानं वापरली. बँडसॉ (विजेवर फिरणाऱ्या पट्टीची करवत) असता तर तोही वापरला असता, असं माझं मत.

चूक पहिली : मशीन कुठवर चालवायचं हे आधी न ठरवणं

माझा नियम साधा आहे. भुजा वाकायला लागली की प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, वायर गुंडाळून ठेवायची.

त्याआधीचं काम मशीनला खुशाल द्या. फळीवर आखलेला वरून दिसणारा आकार बँडसॉने किंवा जिगसॉने कापा, रेघेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडून. जाडी उतरवतानाही तेवढीच सूट ठेवा. कडक ॲशचं एवढं लाकूड हातकरवतीनं काढायला गेलात तर दोन संध्याकाळी जातात, खांदा भरून येतो आणि त्याच दुखऱ्या खांद्यानं पुढचं नाजूक काम करावं लागतं. त्यात कसलाही पराक्रम नाही.

मुठीचं काम शेवटपर्यंत मशीननं केलं तरी हरकत नाही, कारण ताठ मुठीचं धनुष्य तिथे वाकतच नाही. जपायचं ते मूठ उतरत उतरत भुजेत मिसळते त्या तीन-चार बोटांच्या भागाला. तिथे गोल ड्रम सँडर लावला की हमखास खळगा पडतो, आणि सगळा ताण त्याच खळग्यात गोळा होतो.

अँगल ग्राइंडरला दातेरी चकती लावून लाकूड कोरणारे व्हिडिओ खूप दिसतात. ती चकती गाठीत अडकली की ग्राइंडर उसळून अंगावर येतो. लांब, अरुंद कामाला ते हत्यारच नव्हे.

चूक दुसरी : पेन्सिलच्या रेघेवर विश्वास

बँडसॉला लाकडाचे धागे कळत नाहीत. तो आखल्या रेघेवर जातो, वाटेतले धागे तिरके कापले गेले तरी आवाज बदलत नाही. वाकस किंवा दोन मुठींची ओढसुरी चालवताना मात्र धागा खाली जातोय की वर येतोय हे मनगटाला लगेच समजतं. पातं आत शिरायला लागलं की दिशा उलटी करायची, हे कुणी शिकवावंही लागत नाही.

त्यामुळे मशीनवर काम करायचं तर लाकूड निवडतानाच डोळे उघडे हवेत. पुण्याच्या टिंबर मार्केटात ॲशच्या फळ्या मिळतात. मी चाळीसेक फळ्या उलथ्यापालथ्या करतो आणि एखादीच उचलतो. वखारीतल्या माणसानं आता चहा विचारायचं सोडून दिलंय. बघायचं एकच : फळीच्या रुंद बाजूवरच्या आणि कडेवरच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात का. मध्येच कडेतून बाहेर पडत असतील तर ती फळी स्टुलासाठी उत्तम.

आपल्याकडचं धामण हे झाड यासाठी नावाजलेलं. कावडीचे आणि हत्यारांचे दांडे धामणीचेच करत, आणि संस्कृतात तिचं नाव धन्वन. पण म्हणून रानात कोयता घेऊन जाऊ नका. तोडीला परवानगी लागते. मालकीच्या रानातली, रीतसर तोडलेली मिळाली तर ओंडका करवतीनं न कापता पाचर ठोकून फोडा. फुटलेलं लाकूड स्वतःच्या धाग्यावरच फुटतं, त्यामुळे पुढची अर्धी काळजी मिटते.

चूक तिसरी : पाठीला सँडर लावणं

धनुष्याची पाठ म्हणजे तिरंदाजापासून दूर असलेली बाजू. ती ताणली जाते. पोट म्हणजे आपल्याकडची बाजू, ती दाबली जाते. ओंडक्यापासून केलेल्या धनुष्यात पाठीवर एकच वाढवलय (झाडाच्या एका वर्षाच्या वाढीचं कडं) सलग राहिलं पाहिजे. बेल्ट सँडरचा सपाट तळ लाकडाच्या चढउतारांना जुमानत नाही. जिथे उंचवटा तिथलं वलय तो कापून टाकतो. पहिल्यांदा पूर्ण ओढलं की चिरफळी नेमकी तिथूनच उठते.

पाठीला बांबूची पट्टी चिकटवत असाल तर हा धोका दुप्पट. बांबूचे सगळ्यांत दाट, मजबूत धागे बाहेरच्या सालीलगत असतात. वरची मेणचट त्वचा हलक्या हातानं खरवडा, बस्स. पेरांचे उंचवटे दिसायला ओबडधोबड वाटतात म्हणून ते सँडरने सपाट करणारा मीच होतो. पट्टी तिसऱ्या पेरावर तुटली. सातपुड्यातल्या भिल्लांचा बांबूचा तीरकामठा पाहिला तर ही चूक किती हास्यास्पद आहे ते कळतं. तिथे दोरीसुद्धा बांबूच्या सालीच्याच पट्टीची असते. त्या सालीत काय ताकद आहे हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

शिवाय सँडर तापतो. खोलीच्या तापमानाला जमणारं इपॉक्सी उष्णतेनं मऊ पडतं. पट्टीच्या कडा सँडरवर घासताना लाकूड हाताला चटका देऊ लागलं, तर सांधाही तापलाय असं समजा.

चूक चौथी : लाकडाला वेळ न देणं

लाकूड काढल्याबरोबर भुजा नवा वाक दाखवत नाही. खरवडल्यावर आधीच्याच अंतरापर्यंत वीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडायचं, मग खरा आकार दिसतो. (‘सोडायचं’ म्हणजे दोरी हातात धरून परत न्यायची. बाण न लावता दोरी सोडून देणं म्हणजे धनुष्याची हाडं मोडणं.) मशीनवर काम करणारा ही पायरी गाळतो, कारण मशीन चालूच असतं आणि हात शिवशिवत असतो. मग आकार दिसत नाही म्हणून आणखी घासतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. तुटण्याआधी लाकूड पुष्कळदा बारीक ‘कट्’ करतं. घर शांत असेल तर ऐकू येतं; कोपऱ्यात डस्ट कलेक्टर घोंघावत असेल तर नाही. त्यात आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार मशीनला बंदी आहे. मी पूर्वी त्यावर चिडायचो, आता टिलरिंग, म्हणजे खरवडून आणि ओढून पाहत भुजांचा वाक एकसारखा करण्याचं काम, मुद्दाम त्याच वेळात करतो.

ओढण्यासाठी भिंतीला फळी, खाली कप्पी, आणि रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा. दोर लांब ठेवून बाजूला उभं राहायचं, डोळ्यांवर गॉगल. ठरवलेल्या पौंडांच्या पुढे कधीही ओढायचं नाही, अंतर दहाच इंच झालं असलं तरी.

हातहत्यारंही निष्पाप नाहीत

बोथट स्क्रेपर उड्या मारतो आणि पोटावर पत्र्याच्या छपरासारख्या लाटा उमटवतो. त्या लाटांवरून पुन्हा तसंच फिरवलं तर त्या खोल होतात. धार काढा, पातं तिरकं धरा, दिशा बदला. जाड दातांची कानस फार उशिरापर्यंत वापरणं हीदेखील नेहमीची चूक. तिचे ओरखडे वाटतात त्याहून खोल असतात, आणि ते घालवताना दोन-तीन पौंड जातात. जाडी ठरवल्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त असतानाच कानस खाली ठेवावी.

आणि टीव्हीवर मॅच बघत एकाच जागी खरवडत बसलं की स्क्रेपरनेही बिजागरी तयार होते. फक्त जरा सावकाश.

हीट गन

वाकडी भुजा सरळ करायला, पोट भाजून कडक करायला हीट गन चांगलीच. पण भाजल्यावर लगेच दोरी चढवू नका. उष्णतेनं लाकडातला ओलावा निघून जातो आणि ते ठिसूळ होतं. हवेतला ओलावा परत मुरायला निदान चार-पाच दिवस द्या. टिलरिंगच्या वेळी लाकडात आठ ते दहा टक्के ओलावा असावा. विदर्भातल्या मे महिन्यात तो याहून खाली जातो आणि लाकूड तडकतं. कोकणातल्या जुलैत बराच वर जातो आणि धनुष्य ओढल्यावर वाकलेलंच राहतं. पावसाळ्यात मी टिलरिंगला हात लावत नाही, बाण करतो.

बिघडलंच तर

बिजागरी झाली असेल तर त्या जागेवर पेन्सिलने मोठी फुली मारा आणि तिकडे बघूही नका. बाकीची भुजा तिच्या बरोबरीला आणायची असते. त्यासाठी सहा इंचांचा सपाट लाकडी ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून त्यात घट्ट बसणारी पेन्सिल घाला. धनुष्य थोडं ओढून अडकवा आणि ठोकळा पोटावर ठेवा. दोन्ही टोकं टेकतात, मध्ये फट राहते. सगळ्यांत जास्त वाकलेल्या जागी पेन्सिलचं टोक जेमतेम टेकणार नाही इतकं खाली घ्या, मग ठोकळा भुजेवरून सरकवा. जिथे रेघ उमटेल तिथे भुजा ताठ आहे, तिथेच खरवडा. रेघ पुसली गेली की वीस-तीस वेळा ओढा, पुन्हा ठोकळा फिरवा. माझं ते दुसरं धनुष्य असंच वाचलं. ठरवलं होतं ४२ पौंडांचं, थांबलं २६वर. पुतणी वापरते.

पौंड फार घटले आणि धनुष्य पुरेसं लांब असेल, तर दोन्ही टोकांकडून इंच-इंच कापून दोरीसाठी नव्या खाचा पाडता येतात. जोर वाढतो, पण ताणही वाढतो, म्हणून आधी भुजांचा वाक एकसारखा हवा.

पाठीवर बारीक फळकूट उठलं असेल तर पातळ सुपरग्लू आत सोडा, दाबून धरा, वरून दोरा गुंडाळून तोही ग्लूने भिजवा. पोटावर केसासारख्या आडव्या सुरकुत्या दिसल्या तर मात्र ग्लूचा उपयोग नाही. तिथले धागे दाबून चुरले गेलेत. आजूबाजूचा भाग हलका करून, कमी ओढून ते धनुष्य काही दिवस चालेल. ते कुणाला, विशेषतः मुलांना, देऊ नका.

शेवटच्या पॉलिश पेपरसाठी दोन-तीन पौंड राखून ठेवा. पेपर हातानं, धाग्याच्या दिशेनं, कडा गोल करत. ऑर्बिटल सँडर इथे पुन्हा खुणावतो, आणि दहा मिनिटांत ते राखीव पौंड खाऊन वर आणखी दोन घेतो.