लांब रजेवर माणूस जाण्याआधी: छोट्या कंपन्यांसाठी तयारीची यादी

पुण्यात भोसरी, नऱ्हे, शिवणे किंवा सदाशिव पेठेतलं ऑफिस, कुठेही पंधरा-वीस माणसांच्या कंपनीत कुणी लांबची रजा मागितली की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तुमचं काम कोण बघणार?" प्रश्न रास्त आहे, पण पत्ता चुकलेला. तो रजा मागणाऱ्याला विचारायचा नसतो. बाळंतपण असो, गुडघ्याचं ऑपरेशन असो की घरातलं आजारपण, समोरच्याच्या डोक्याला तेवढ्या वेळी पुरेसा ताप असतो. तुम्ही दोनच गोष्टी विचारा: अंदाजे तारखा कोणत्या, आणि बाकीच्यांना काय सांगायचं. आजाराचं नाव चहाच्या टेबलावर आपोआप पोचतं असं समजू नका, ते तुमच्याच केबिनमधून पोचतं.

यानंतर बहुतेक जण थेट बदली माणूस शोधायला लागतात. ते काम जरा बाजूला ठेवा. ज्या जागेवर नेमकं काय काय होतं हेच तुम्हाला माहीत नाही, त्या जागेवर कुणाला बसवणार?

आधी कायद्याचा कागद उरकून घ्या, कारण त्यात घासाघीस करायला जागा नाही. दुकान किंवा ऑफिसात 10 किंवा जास्त माणसं असतील तर प्रसूती रजा लागू आहे. 1961 चा जुना कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण आकडे तेच राहिले: पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8, आणि दोन मुलं आधीच असतील तर 12 आठवडे. अट एवढीच की आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. पैशांचं वेळापत्रक मात्र अनेकांना ठाऊक नसतं. प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम आगाऊ द्यायची असते आणि उरलेली, प्रसूतीचा दाखला मिळाल्यापासून 48 तासांत. म्हणजे ही रक्कम नेहमीच्या पगारपत्रकात धरून चालत नाही, वेगळी काढून ठेवावी लागते. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि माणूस ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर हा लाभ त्या योजनेचं महामंडळ देतं, पण त्यासाठी आधीच्या दोन सहामाही वर्गणी-काळांत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ती भरली गेली आहे का, हे आजच पाहा. आजारपणाच्या रजेलाही ईएसआय वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के देतं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे सगळ्यांचा मिळून आरोग्य विमा असेल तर रजेच्या काळात तो चालू राहील ना आणि बाळाचं नाव किती दिवसांत घालायचं, हे विमा एजंटाकडून लेखी घ्या.

आता खरं काम. "तुम्ही काय काय करता ते लिहून द्या" असं सांगितलं की माणूस मोठी कामं लिहितो आणि छोटी विसरतो, आणि कंपनी अडते ती छोट्या कामांवर. त्यापेक्षा जो सांभाळणार आहे त्याला एक पूर्ण महिना शेजारी बसवा आणि त्यालाच वहीत लिहू द्या. एक महिना अशासाठी की अकाउंट्सचं चाक महिन्याला फिरतं: 7 तारखेला कापलेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र (जीएसटीआर-1), 15 ला पीएफ आणि ईएसआय, 20 ला जीएसटीचं कर भरण्याचं विवरणपत्र (3बी). हे सगळं एकदा तरी स्वतःच्या हाताने झालं पाहिजे, नुसतं बघून नाही. मग कॅलेंडर उघडून रजेच्या काळात वर्षातून एकदाच येणारं काय पडतंय ते शोधा. दिवाळीचा बोनस? 31 मार्चचा स्टॉक? मोजमापाच्या गेजची तपासणी (कॅलिब्रेशन), विम्याचं नूतनीकरण, शॉपफ्लोअरवरच्या मशिनचा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार? ही कामं त्या महिन्याच्या वहीत येणारच नाहीत.

ओटीपीचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतोय, कारण घोळ इथेच होतात. जीएसटी पोर्टल, पीएफ, बँक, ई-वे बिल, अगदी लाइट बिलाचं खातं, यांना जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? छोट्या कंपन्यांत तो सर्रास अकाउंटंट ताईंचा स्वतःचा असतो. मग लेबर रूमच्या बाहेर बसलेल्या नवऱ्याला फोन जातो, "जरा ओटीपी सांगता का?" हे हसण्यासारखं वाटत असलं तरी घडतं. कंपनीच्या नावावर एक सिम घ्या आणि महिनाभर आधी सगळीकडे तो नंबर घाला. बँकेत नवा युजर जोडायला प्रायव्हेट लिमिटेडला ठराव लागतो, सह्या लागतात आणि शाखेत दोन-तीन फेऱ्या होतात. डिजिटल सहीचं टोकन कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि त्याची मुदत रजेच्या मधोमध संपत नाही ना, तेही बघा. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर असेल तर ती चिठ्ठी तरी एकदा वाचून घ्या.

वर्कशॉपमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात असतो. जॉब पकडणाऱ्या कुठल्या फिक्स्चरखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी घालावी लागते, कुठल्या जॉबला ड्रॉइंगपेक्षा माप जरासं कमी ठेवलं की चाकणचा गिऱ्हाईक माल परत पाठवत नाही, हे मशिन लावून देणाऱ्या सेटरकाकांच्या डोक्यात असतं. त्यांना लिहायला लावू नका, ते लिहिणार नाहीत. सेटिंग करताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यांना बोलू द्या. व्हीएमसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनचे) प्रोग्राम त्यांच्या पेन ड्राइव्हवर असतील तर त्याच दिवशी कॉपी करा. ज्या गिऱ्हाइकाचा परचेसवाला त्यांना थेट फोन करतो, त्याला नवा माणूस समोरासमोर भेटवा.

एवढं झाल्यावर बदलीचा विचार करा. माझं मत विचाराल तर छोट्या जागी बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा काम दोघांत वाटावं, पण दोघांतच. चौघांत वाटलं की ते कुणाचंच राहत नाही. आणि जास्तीच्या कामाचा भत्ता पत्रावर लिहून द्या. "आपलंच घर आहे, सांभाळून घ्या" या वाक्यावर पुण्यात फार वर्षं कंपन्या चालल्या, आता चालत नाहीत. बाहेरचा माणूस घेतलाच तर मुदतीचं पत्र द्या आणि मुदत संपल्यावर पुढे काय, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर पाचव्या महिन्यात तो खुर्चीला चिकटतो आणि परत येणाऱ्या बाईंना स्वतःच्याच टेबलासमोर पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं.

रजेच्या काळात फोन करायचाच असेल तर एकाच माणसाने करायचा, ठरलेल्या वेळी आणि ज्याचं उत्तर ऑफिसात खरंच सापडत नाही तेवढ्यासाठीच. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत कामाला लावायला कायद्यानेच मनाई आहे, आणि "घरूनच तर करायचंय" हे काही त्यावरचं उत्तर नाही. पगारवाढीचा महिना मध्ये आला तर यादीत नाव आहे ना ते तपासा. रजेवरच्या माणसाचं नाव राहून जातं, बहुतेकदा दुष्टपणाने नाही, एक्सेलच्या फिल्टरमुळे.

वारी, गावाकडची पेरणी, छठ या रजांसाठी तर एवढंही लागत नाही. आषाढी कधी आहे ते पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. तरी पालखी भवानी पेठेत मुक्कामाला आली की सुपरवायझरला नवल वाटतं, "अरे, अर्धं डिपार्टमेंट गेलं कुठे?" जानेवारीतच नावं लिहून घ्या आणि त्या तीन आठवड्यांत मोठं डिस्पॅच कबूल करू नका.

परत येण्याची तयारी रजा सुरू होतानाच करावी, नंतर ती होत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाकडून फिटनेसचा दाखला घ्या आणि त्यात किती वजन उचलायचं, किती वेळ उभं राहायचं हे डॉक्टरांना स्पष्ट लिहायला सांगा. बाळंतपणाहून येणाऱ्या बाईंना बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या आहेत. 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोयही करावी लागते आणि तिथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यावं लागतं. पाळणाघर नसेल तर निदान आतून कडी लागणारी एक खोली हवी. स्टोअररूममधले खोके हलवले की ती बहुतेकदा निघते. काही दिवस घरून काम जमतंय का हे दोघांनी बोलून ठरवा. पहिल्या सोमवारी टेबलावर सहा महिन्यांचा ढीग ठेवू नका. एकेक काम तारीख टाकून परत सोपवा आणि ज्याने मधल्या काळात सांभाळलं, त्याची वही त्या बाईंच्या हातात द्या. त्यात त्यांना स्वतःच्या कामाबद्दल दोन-चार नव्या गोष्टीही सापडतील.