सातपुड्याच्या पाड्यांवर मिशनच्या सेवेला जाताना या चुका टाळा

दर वर्षी नाताळच्या आधी जळगाव आणि धुळे येथील ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) तरुणांचे गट अक्कलकुवा, धडगाव आणि तळोदा तालुक्यांतील पाड्यांवर सेवेसाठी जातात. सामान गोळा होते, गाडी ठरते, निघण्यापूर्वी प्रार्थना होते, आणि तरीही दोन दिवसांनी परतताना गटातल्या निम्म्या जणांच्या मनात काहीतरी चुकल्याची हुरहूर असते. मी अशा गटांबरोबर काही वर्षे जात आहे, आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

पहिली चूक तारखेची. डिसेंबर आपल्याला सोयीचा असतो, कारण तेव्हा सुट्ट्या असतात, रस्ते कोरडे असतात आणि मनात नाताळ असतो. परंतु दिवाळी झाली की सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि होळीच्या सुमारास परत येतात. अक्कलकुवा तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही शाळेची दप्तरे घेऊन पोहोचलो, तेव्हा टेकडीवरच्या बहुतेक घरांच्या दारांना काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या होत्या. एका अंगणात म्हातारी मका निवडत बसली होती आणि तिच्याजवळ दोन लहान नातवंडे होती. गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंनी तिचे बोलणे आम्हाला मराठीत सांगितले : पोरं उसाला गेली, होळीला या. दप्तरे आम्ही शाळेत ठेवून परतलो. त्यानंतर कोणत्याही पाड्याची तारीख आम्ही आशाताई, अंगणवाडीताई आणि शिक्षक यांना विचारल्याशिवाय ठरवलेली नाही. मार्च-एप्रिलमध्ये जायचे असेल, तर सकाळी सारे घर मोहाची फुले वेचायला गेलेले असते, म्हणून सभा किंवा तपासणी दुपारनंतर ठेवावी. ऐन होळीच्या दिवसांत मात्र जाऊ नये, कारण तो त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे आणि त्या दिवसांत आपल्या कार्यक्रमासाठी कोणाला बोलावणे हा अडाणीपणा ठरतो. माझे मत विचाराल तर खरी निकड पावसाळ्यात असते, जेव्हा घरातले धान्य संपत आलेले असते आणि मुले आजारी पडतात, पण तेव्हा रस्ते खराब असल्यामुळे आपण कोणी जात नाही.

भाषेच्या बाबतीत आम्हा खान्देशी लोकांची एक खास फसगत होते. आपल्याला अहिराणी येते, म्हणजे खान्देशात कुठेही आपले भागेल असे आपण धरून चालतो. सातपुड्यात मात्र भिलोरी आणि पावरी बोलली जाते, तिकडे नवापूरच्या बाजूला मावची, आणि वयस्क बायकांना शाळेतले मराठी फारसे येतेच असे नाही. त्या मान हलवतात ती आदराने. समजले म्हणून नव्हे. औषध कसे घ्यायचे हे सांगून झाल्यावर त्यांनाच ते परत सांगायला लावावे, म्हणजे काय पोहोचले ते लगेच कळते. दुभाषी म्हणून शाळकरी मुलाला उभे करू नये. बाईच्या पाळीचा किंवा बाळंतपणाचा प्रश्न तिच्या पुतण्याच्या तोंडून विचारला गेला, तर ती खरे उत्तर देणार नाही.

औषधांबाबत अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे चुकीची किंमत दुसरा मोजतो. एका शिबिरात गोळ्या पुरवून द्यायच्या म्हणून आमच्यातील एकाने पाकिटे कात्रीने कापली, आणि औषधाचे नाव एका तुकड्यावर व मुदत दुसऱ्या तुकड्यावर गेली. संध्याकाळी उरलेल्या तुकड्यांचा ढीग पाहिला, तर कोणत्या गोळ्या कशाच्या हे आम्हालाही सांगता येईना. घरी घेऊन गेलेल्या माणसाला ते काय कळणार? औषध केवळ डॉक्टरने लिहून द्यावे, पूर्ण पाकीट द्यावे, आणि कागदावर सूर्य व चंद्र काढून सकाळ-रात्र दाखवावी. दुसरी गोष्ट रक्ताची. फिकट दिसणाऱ्या प्रत्येकाला लोहाच्या गोळ्या वाटण्याचा मोह होतो, परंतु भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्या रुग्णाचे रक्त कमी असण्याचे कारण दरवेळी लोहाची कमतरता हे नसते. आधी तपासणी आणि मग गोळी, हा क्रम मोडू नये. मुलांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी बरोबर असेल, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषण समजावे आणि खाऊचा पुडा देऊन पुढे न जाता त्याच दिवशी अंगणवाडीताईंना सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

तान्ह्या मुलांसाठी दुधाची भुकटी आणि बाटल्या नेणे ही सद्भावनेने होणारी, पण कायद्यानेच मना असलेली गोष्ट आहे. १९९२ च्या कायद्यानुसार आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी भुकटी किंवा दूध पाजण्याच्या बाटल्या, अनाथालयाचा अपवाद सोडल्यास, कोणालाही दान म्हणून वाटता येत नाहीत. कारणही उघड आहे : झऱ्याच्या पाण्यात कालवलेली भुकटी आणि न उकळलेली बाटली यांतून जुलाब होतात, आणि आईचे दूध मध्येच आटते. जुन्या कपड्यांविषयी एवढेच सांगतो की जे आपण स्वतः पाहुण्याला देणार नाही, ते गाडीत चढवू नये.

वाटप करताना वस्तू कमी पडल्या आणि रांगेत भांडण सुरू झाले, तर आवाज चढवून रेटून नेऊ नका. वाटप तिथेच थांबवा, उरलेले सामान सर्वांसमोर मोजा आणि पोलीस पाटील व बचत गटाच्या बायकांच्या ताब्यात द्या. कोणाला आधी द्यायचे ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. खरे तर हेच पहिल्यापासून करायला हवे होते.

आता नाजूक विषय. ख्रिस्ती म्हणून आपण जातो हे लपवण्याचे कारण नाही, आणि आपला धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या २५ व्या कलमात आहे. परंतु तापलेले मूल कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आईला 'आधी प्रार्थनेला बसा' म्हटले, तर तिच्यापुढे नाही म्हणण्याची वाटच उरत नाही. आपत्तीतील मदतकार्यासाठी १९९४ साली रेडक्रॉस चळवळीने इतर संस्थांबरोबर जी आचारसंहिता तयार केली, तिच्यात मदतीचा वापर विशिष्ट धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी होणार नाही असे कलम आहे, आणि ती तयार करणाऱ्यांत कॅरिटास, लूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. म्हणून उपासना वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी, शक्यतो तेथील मंडळीच्या घरी ठेवावी, आणि तिला न येणाऱ्याला औषध तितक्याच आदराने मिळावे. पुजाऱ्याची किंवा गावदेवाची टिंगल तर कधीच करू नये. आपण संध्याकाळी गाडीत बसून निघून जातो. आपल्या एका वाक्याचे पडसाद त्या पाड्यावर राहणाऱ्या पाळकाच्या आणि दोन-चार ख्रिस्ती घरांच्या वाट्याला येतात.

काही अफवा उठलीच, तर मोबाइलवर खुलासे करत बसण्यापेक्षा तेथील पाळकाला घेऊन सरपंचांकडे जावे, आणलेल्या सामानाची यादी व डॉक्टरांची नावे त्यांच्यापुढे ठेवावी आणि त्यांनी थांबा म्हटले तर थांबावे. पुढची फेरी हवी असेल, तर ती त्यांच्याकडूनच मागून घ्यावी.

छायाचित्रांचा सोस आवरावा. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये हे रविवारी ऐकायचे आणि सोमवारी उघड्या अंगाच्या पोराचा फोटो स्टेटसला लावायचा, हे मला तरी पटत नाही. देणगीदारांना हिशेब हवा असतो; त्यासाठी पावत्या आणि सामानाचा फोटो पुरतो.

शेवटची चूक निरोपाच्या वेळी होते. 'पुढच्या महिन्यात नक्की येऊ' हे वाक्य आपण सहज बोलतो. पाड्यावरची माणसे ते लक्षात ठेवतात. ज्या रुग्णांना पुढे पाठवले त्यांची नावे वहीत लिहून एक प्रत आशाताईंकडे ठेवावी, आणि आठ दिवसांनी त्यांना फोन करून प्रत्येक नावापुढे काय झाले ते विचारावे. आमच्या वहीत एकदा सात नावे होती, आणि पहिल्या फोनला कळले की त्यांतील तिघेच दवाखान्यात पोहोचले होते. उरलेल्या चौघांकडे जीपचे भाडे नव्हते. आता गाडीचे पैसे सामानाच्या आधी बाजूला काढतो.