ऑतर सिद्धांतावर प्रबंध लिहायचा असेल तर

ऑतर सिद्धांत म्हणजे चित्रपटाचा खरा कर्ता त्याचा दिग्दर्शकच, हा विचार. त्यावर प्रबंध लिहायला विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या प्रस्तावाचा मथळा एकाच साच्यातला असतो: 'अमक्या दिग्दर्शकाच्या चित्रपटांतील आशयसूत्रे'. मी पहिल्याच भेटीत विचारते, "हे चुकीचं ठरू शकतं का?" ठरूच शकत नसेल, तर हातात कौतुक उरतं, संशोधन नाही.

आधी मुळापासून वाचा. फ्रेंच समीक्षक (पुढे दिग्दर्शक) फ्रान्स्वा त्रुफोचा १९५४चा लेख, फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँनं १९५७ साली या विचाराच्या अतिरेकाबद्दल आपल्याच सहकाऱ्यांना दिलेला इशारा, अमेरिकी समीक्षक अँड्र्यू सॅरिसचं १९६२चं टिपण आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी समीक्षक पॉलिन केलनं त्याचा घेतलेला समाचार. सारांशांवर विसंबू नका. त्रुफोचा राग साहित्यकृतींची सफाईदार रूपांतरं करणाऱ्या पटकथाकारांवर होता, सॅरिसला हॉलिवूडच्या दिग्दर्शकांची प्रतवारी लावायची होती. प्रबंधांत मात्र दोघं एकाच वाक्यात कोंबलेले दिसतात. 'लेखक' या कल्पनेलाच आव्हान देणारे फ्रेंच विचारवंत बार्थ आणि फूको यांना दोन पानं पुरतात.

अलीकडचा ओढा सहकाऱ्यांच्या वाट्याकडे आहे: छायालेखक, संकलक, पटकथाकार. स्त्री दिग्दर्शकांचा पुनर्शोध, दिग्दर्शकाच्या नावाचं बाजारमूल्य, व्हिडिओ निबंध हेही चालू आहे. पण नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी सहकाऱ्यांकडेच वळवते, कारण तिथे दावा पडद्यावर तपासता येतो.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच घ्या. १९५१ ते १९६४ या काळातले त्याचे बारा चित्रपट रॉबर्ट बर्क्सनं चित्रित केले. याच काळातला 'सायको' (१९६०) तेवढा जॉन रसेलनं, हिचकॉकच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या चमूसह. संकलक जॉर्ज टोमासिनी आणि संगीतकार बर्नार्ड हरमन मात्र तेच. म्हणजे छायालेखक आणि त्याचा चमू बदलला की काय बदलतं, हे पाहायची आयती सोय! पण त्याची तुलना आदल्या वर्षीच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'शी करू नका. तो रंगीत आहे आणि त्याचा खर्चही कितीतरी मोठा. 'द राँग मॅन' (१९५६) घ्या. कृष्णधवल, बर्क्सचं छायालेखन, संकलक आणि संगीतकार तेच.

दोन्हींतले चौकशीचे प्रसंग निवडा. प्रत्येक शॉटची लांबी, कॅमेऱ्याची उंची, हालचाल, प्रकाश कुठून येतो, हे तक्त्यात भरा. तक्ता भरण्याआधी तुमचा अंदाज लिहून, तारीख घालून मार्गदर्शकाकडे द्या. ही पायरी कोणालाच आवडत नाही, पण माझा आग्रह असतो. नाहीतर आकडे हवे तसे वाचले जातात.

मग कागदपत्रं. हिचकॉकची कागदपत्रं लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्समधल्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात आहेत. पटकथेचे मसुदे आणि निर्मितीतला पत्रव्यवहार हे मुलाखतींपेक्षा कधीही वरचे. मुलाखतीत दिग्दर्शक स्वतःची प्रतिमा घडवत असतो. तिचा उपयोग जरूर करा, पण त्या प्रतिमेचा पुरावा म्हणून. सेटवर कॅमेरा कुठे लावायचा हे कोणी ठरवलं, याचा पुरावा म्हणून नव्हे.