तयार गेमिंग पीसी: नवं कार्ड शोधण्याआधी झाकण उघडा

बेताच्या बजेटचा तयार गेमिंग पीसी बनवणारे पैसे कुठे घालतात हे एकदा कळलं, की त्यात काय बदलायचं हे निम्मं तिथेच ठरतं. जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचीच नावं ठळक छापली जातात, म्हणून ते दोन बऱ्यापैकी असतात. ज्यांची नावं गिऱ्हाईक विचारत नाही तिथे हात आखडलेला असतो. रॅमची एकच पट्टी, कुठल्यातरी कंपनीचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), सगळ्यात साधा मदरबोर्ड, मागच्या बाजूला एकुलता एक पंखा. तरीही गेम अडखळायला लागला की बहुतेक जण आधी नवं कार्डच शोधतात. माझं म्हणणं उलट आहे. जिथे काटकसर झालीय ती जागा आधी भरून काढा, कार्डाचा नंबर त्यानंतर.

घरातल्यांचे आणि ओळखीतल्यांचे पीसी माझ्याकडेच येतात, त्यामुळे हे चित्र मी सारखं बघते. उदाहरणाला भाच्याचं मशीन घेते, कारण ते अगदी नमुनेदार आहे: आय५-१०४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि एच४१० चिपसेटचा मदरबोर्ड. "मावशी, कार्ड कुठलं घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तर द्यायला मला आधी ते मशीन चालताना बघायचं होतं.

आधी मोजा

तुम्ही रोज खेळता तोच गेम लावा, नेहमीच्या सेटिंगवर, आणि एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसू द्या. ते फुकट आहे आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. पहिला आकडा बघायचा तो कार्डाच्या वापराचा. तो ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, म्हणजे मर्यादा त्याचीच. तो ६०-७० च्या आसपास रेंगाळत असेल तर कार्ड रिकामं बसून कुणाचीतरी वाट बघतंय. अशा मशीनमध्ये महागडं कार्ड घातलं तर तेही तसंच वाट बघत बसेल.

प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र फसवतो. १०४००एफला ६ कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. त्यातला एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के. त्यामुळे '४० टक्के' दिसतंय म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं समजू नका, प्रत्येक कोरचा आकडा वेगळा लावून बघा. याहून सोपी पारख म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स (चित्रं) भरभर वाढल्या तर अडचण कार्डाची. जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसरची किंवा रॅमची.

आणि सरासरी एफपीएसवर, म्हणजे सेकंदाच्या फ्रेम्सवर, थांबू नका. सरासरी ७० असूनही वळण घेताना झटका बसत असेल तर खेळणाऱ्याला तो झटकाच आठवतो. कॅपफ्रेमएक्स या सॉफ्टवेअरमध्ये '१ टक्का लो' असा आकडा मिळतो, सगळ्यात वाईट क्षण किती वाईट आहेत ते त्यावरून कळतं. भाच्याच्या मशीनमध्ये सरासरी ठीक होती, हा आकडा कोसळत होता, आणि त्याच वेळी रॅम काठोकाठ भरलेली होती. रॅम संपली की विंडोज डेटा ड्राइव्हवर ढकलते, आणि एसएसडी कितीही वेगवान असली तरी ती रॅमची जागा घेऊ शकत नाही.

रॅम

बाजूचं पॅनल काढलं तेव्हा दोन स्लॉटपैकी एकात ८ जीबीची पट्टी होती, दुसरा रिकामा. एक पट्टी म्हणजे एकच चॅनल. डीडीआर४-२६६६ च्या एका चॅनलमधून सेकंदाला साधारण २१.३ जीबी डेटा जातो, दोन चॅनल चालू झाले की ४२.६. म्हणजे तशीच दुसरी पट्टी घातली की जागा आणि रस्ता दोन्ही दुप्पट. एवढ्या कमी खर्चात खेळताना इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, हे मी ठामपणे सांगते.

घेताना सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून आपल्या पट्टीचा प्रकार, वेग आणि टायमिंग टिपून घ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, खाचच वेगळ्या जागी असते. बोर्डाला चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. वेगासाठी जास्त पैसे मोजण्याआधी बोर्ड तो वेग देतो का ते बघा. एच४१० बोर्डावर १०४००एफ २६६६ च्या वर जात नाही, तिथे ३६०० ची पट्टी घेऊन काही हाती लागत नाही. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरच्या बोर्डावर मात्र ३२०० किंवा ३६०० चा फायदा जाणवतो. तिथे बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं सेटिंग, चालू आहे का हे आवर्जून तपासा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत असलेली तयार मशिनं मी बरीच पाहिली आहेत, आणि तो वेग तर फुकटचा असतो.

फुकटच्याच दोन गोष्टी आणखी. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावलेली हवी, मदरबोर्डाला नाही. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० वर तर नाही ना, ते बघा.

एसएमपीएस: इथे घाई नको

नव्या कार्डाचा विचार इथून सुरू होतो. एसएमपीएसवरचा मोठा आकडा सोडा, त्याखालचा तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टची ओळ शोधा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. समजा वर ४५० वॉट लिहिलंय आणि या ओळीत २५ अँपिअर. १२ गुणिले २५ म्हणजे ३०० वॉट. तुमच्या कामाचा आकडा हा. चांगल्या आधुनिक एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी ताकद याच ओळीवर असते, त्यामुळे या एका गुणाकारातून त्याची लायकी बरीचशी कळते. '८० प्लस'चा शिक्का किती वीज वाया जाते तेवढंच सांगतो. आतले भाग टिकाऊ आहेत की नाही, शॉर्ट सर्किट झालं तर तो वेळेत बंद पडेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मग वायरी बघा. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते, ६ पिनच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनच्या वायरीतून १५०. भाच्याच्या एसएमपीएसला यातली एकही वायर नव्हती, आणि त्याचं १६५० फक्त स्लॉटच्या विजेवर चालणारं होतं. म्हणजे त्याच्यासाठी कार्ड आणि एसएमपीएस ही एकच खरेदी झाली. मोलेक्सला (जुन्या ४ पिनच्या वायरीला) लावून ८ पिन बनवणारे जोड मिळतात. ते वापरू नका. त्या पातळ वायरी आणि सैल पिना एवढा करंट सतत वाहायला बनवलेल्याच नाहीत, त्या वितळतात.

एसएमपीएस बदलण्याआधी दोन तपासण्या. मदरबोर्डाला जाणारा मोठा कनेक्टर २४ पिनचा आहे का ते मोजा. मोठ्या ब्रँडच्या कित्येक मशिनांमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही स्वतःच्या मापाचे असतात, कमी पिनांचे, आणि बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस तिथे लागत नाही. दुसरं म्हणजे मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) एसएमपीएस असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका. टोकाचा आकार सारखा दिसला तरी पिनांची मांडणी कंपनीनुसार, कधी मॉडेलनुसारही बदलते. चुकीचा व्होल्टेज गेला तर ड्राइव्ह एका क्षणात जातो.

आता कार्ड

एसएमपीएस बदलणं शक्यच नसेल तर स्लॉटच्या विजेवर चालणारं कार्ड घ्या, उदाहरणार्थ आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती, ७० वॉटची. मात्र ८ जीबीचं ३०५० हे १३० वॉटचं वेगळंच कार्ड आहे. नाव सारखं असलं तरी खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुन्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसच्या लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातले डेटाचे रस्ते) मोजणं महत्त्वाचं. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी फक्त ४ लेनवर चालतात. बोर्डावर चौथ्या पिढीचं पीसीआय एक्सप्रेस असेल तर भागतं. दहाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर (भाच्याचा १०४००एफ त्यातलाच) मात्र तिसऱ्या पिढीच्या पीसीआयवर थांबतात, तिथे लेनचा वेग निम्मा होतो. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की डेटा त्याच अरुंद रस्त्याने ये-जा करतो आणि गेम झटके खातो. आरएक्स ६६०० ला ८ लेन आणि ८ जीबी मेमरी आहे, वीज १३२ वॉट. भाच्याला मी हेच सुचवलं. आरटीएक्स ४०६० ला तर ११५ वॉटच पुरतात. इंटेलचं आर्क कार्ड घ्यायचं असेल तर बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे का ते आधी बघा, तो नसेल तर त्या कार्डाची कामगिरी फारच ढासळते.

कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेप लावून मोजा, वायर वळायला वरच्या बाजूला बोटभर जागा ठेवा.

प्रोसेसर आणि बाकीचं

प्रोसेसर शेवटी, आणि तोही सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) साथ देत असेल तरच. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे मालक नशीबवान आहेत. २०१७ मध्ये पहिल्या रायझेनसाठी आलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझेन ५ ५६०० किंवा २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी बसतो. अपडेट जुना प्रोसेसर काढायच्या आधी करायचं, नंतर स्क्रीनच येणार नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर १२, १३ आणि १४ या तिन्ही पिढ्या चालतात. एच४१० वर मात्र अकरावी पिढी चालत नाही, सॉकेट तेच असूनही. स्वस्त बोर्डावर सगळ्यात वरचा प्रोसेसर चढवू नका, त्याला वीज पुरवणारे बोर्डावरचे भाग उघडेच, उष्णता पसरवणाऱ्या पत्र्याविना असतात आणि तापून वेग खाली आणतात. प्रोसेसरसोबत बोर्ड आणि रॅमही बदलायची वेळ आली तर थांबा आणि पैसे नव्या मशीनसाठी साठवा. तयार पीसीतलं ओईएम (मशीनसोबतच आलेलं) विंडोज लायसन्सही जुन्या बोर्डाशीच बांधलेलं असतं.

एसएसडीने गेम लवकर उघडतो, फ्रेम्स वाढत नाहीत. जागा संपली असेल तर घ्या. एम.२ स्लॉट (बोर्डावरची एसएसडीची जागा) एनव्हीएमई (वेगवान) आहे की साटा (जुना, हळू) ते मॅन्युअलमध्ये बघा, आकार बहुतेक २२८० (२२ बाय ८० मिलिमीटर) लागतो. एवढं पुरे.

पुढच्या जाळीमागे पंखा नसेल तर एक बसवा, आत येणाऱ्या हवेचा. नवं कार्ड जुन्यापेक्षा जास्त उष्णता टाकणार आहे.

बसवताना पीसी बंद करून वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच आत हात घाला. रॅमची पट्टी दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवा, खटका वाजला पाहिजे. एका वेळी एकच भाग बदला आणि प्रत्येकानंतर तोच गेम, तीच जागा, तेच सेटिंग लावून पुन्हा मोजा. भाच्याने रॅम टाकल्यावर झटके जवळजवळ गेले. मग मोजलं तेव्हा कार्ड ९८ टक्क्यांवर होतं, आणि तेव्हा कुठे कार्ड घ्यायचं ठरलं. कार्डाची कंपनी बदलत असेल तर डीडीयू या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर साफ करून नवा टाका. पहिल्याच आठवड्यात त्यावर तासन्‌तास खेळा, म्हणजे काही खोट असेल तर परतीच्या मुदतीतच दिसेल. जुने भाग आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा, कारण तयार पीसी दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर तो मूळ भागांसह मागितला जाऊ शकतो.