भाड्याच्या मशीननं मका काढायचा तर

दसऱ्याच्या आसपास बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानात, हुक्केरी-गोकाकच्या पट्ट्यात मका वाळायला लागतो आणि गावात विचारणा सुरू होते, ‘मशीन कुठपर्यंत आलंय?’ कंबाइन, म्हणजे कापणी आणि मळणी एकदम करणारं मशीन, बहुतेकांचं स्वतःचं नसतं. ते तासावर किंवा एकरावर ठरवलेलं असतं. ड्रायव्हरला पुढच्या गावाची घाई असते आणि वर परतीच्या पावसाचे ढग असतात. अशा वेळी दाणा किती सांडला, किती फुटला याची काळजी मशीनवाला तुमच्याइतकी करणार नाही. त्यामुळे मशीन कसं लावायचं हे ज्याचा मका आहे त्याला कळायला हवं. चालवता नाही आलं तरी चालेल.

दाणा तयार झालाय का

पानं पिवळी पडली म्हणजे मका तयार झाला, असं नसतं. कणसाच्या मधल्या भागातले चार-पाच दाणे उपटून काढा आणि टोकदार बुडाशी नखानं खरवडा. तिथं काळा थर दिसला, म्हणजे दाण्यात आता काही भरायचं राहिलेलं नाही. या वेळी ओल साधारण ३० ते ३५ टक्के असते. इतक्या ओल्या दाण्यावर मशीन घातलं तर मळणीच्या ड्रममध्ये दाणा चेंगरतो.

कंबाइनसाठी उत्तम ओल २० ते २५ टक्के. पण आपल्याकडे यांत्रिक ड्रायर क्वचितच असतो, वाळवण उन्हावरच होतं, म्हणून १८ ते २० टक्क्यांपर्यंत थांबणं परवडतं. त्याखाली मात्र फार वाट बघू नका. १५ टक्क्यांच्या आत गेलेलं कणीस हेडरला, म्हणजे मशीनच्या पुढच्या तोंडाला, नुसतं लागलं तरी दाणे उडतात. ताटंही ठिसूळ होऊन मोडतात.

एक अपवाद आहे. शेतातल्या पाच-सहा ठिकाणी मिळून शंभर ताटं बघा. जमिनीलगतची दुसरी-तिसरी कांडी अंगठा आणि बोटात दाबा. शंभरातली दहा-पंधरा दबून पिचली, तर खोडकूज आत शिरली आहे. त्या रानात ओल २४ टक्के असली तरी आधी मशीन घाला. वाळायची वाट बघत बसलात तर एका वाऱ्यात मका आडवा होतो, आणि आडवा मका कुठल्याच मशीनला धड उचलता येत नाही.

ओल मोजायचं यंत्र अडत दुकानात असतं, तिथं मूठभर दाणे नेऊन बघता येतं. तेही जमत नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत थोडं पूर्ण कोरडं मीठ आणि दाणे घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ बरणीला किंवा दाण्याला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. काढणी कधी करायची हे यावरून कळत नाही, पण वाळवताना ही युक्ती फार उपयोगी पडते.

रानात मशीन उतरण्याआधी

काळ्या रानात वाफसा नसेल तर मशीन आणूच नका. कंबाइन काही टनांचं असतं, त्यात दाण्याची टाकी भरली की भर पडते. चाकाच्या घळी पडलेल्या जागी पुढं हरभरा किंवा शाळू नीट उगवत नाही. मूठभर माती दाबून बघा. तिची लाटी होऊन चिकटत असेल तर दोन दिवस थांबा. खानापूर भागातल्या भाताला चाकांऐवजी पट्ट्यावर चालणारं मशीन येतं, त्याच्या भरवशावर मक्याच्या ओल्या रानात चाकाचं मशीन घालणं ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच.

आदल्या दिवशी रानभर फिरून दगड, तारा, पाइपचे तुकडे उचला. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवा. विहीर, चेंबर आणि बोअरची तोंडं दुरून दिसतील अशा काठ्या रोवून त्यांना फडकी बांधा. दोन्ही टोकांची १५-२० फूट पट्टी हातानं मोडून घ्या, म्हणजे वळताना उभा मका तुडवला जाणार नाही. रस्त्यापासून रानापर्यंतच्या विजेच्या तारा किती खाली लोंबतात हेही बघा. टाकी रिकामी करायची नळी बाहेर काढलेली असताना तारेखालून मशीन न्यायचं नाही, हे ड्रायव्हरला आधीच सांगा.

मशीन ठरवताना तीन प्रश्न

पहिला प्रश्न, हेडर मक्याचं आहे की गव्हाचं? गव्हाच्या कटरनंही मका कापला जातो, पण त्यात आख्खं ताट मशीनमध्ये जातं. वरचा फिरता पंजा कणसं झोडून खाली पाडतो आणि मागच्या चाळण्यांवर चिपाडांचा ढीग साचतो. मक्याच्या हेडरमध्ये ताट खाली ओढलं जातं आणि फक्त कणीस आत जातं. दुसरा पर्याय असताना गव्हाचं हेडर घेऊ नका.

दुसरा प्रश्न ओळींच्या अंतराचा. आपल्याकडे मका बहुधा ६० सें.मी., म्हणजे दोन फुटांवर पेरलेला असतो. चार ओळींचं हेडर ७५ सें.मी.चं असेल तर कडेच्या दोन्ही ओळी सुमारे २२ सें.मी. चुकतात. ताट तिरकं ओढलं जातं आणि कणीस हेडरच्या बाहेर पडतं. टोकण यंत्रानं एका फेरीत चार ओळी पेरल्या असतील तर मशीनही त्याच चार ओळींवर चाललं पाहिजे. दोन फेऱ्यांमधलं अंतर कधीच नेमकं नसतं, म्हणून दोन ओळी या फेरीतल्या आणि दोन त्या फेरीतल्या घेतल्या की नुकसान ठरलेलंच.

तिसरा प्रश्न दराचा. तासावर असेल तर चोंदून उभं राहिलेला वेळ कुणाचा, हे आधी बोलून घ्या. हिशेब सोपा आहे. चार ओळींचं, ६० सें.मी.चं हेडर ताशी ४ किलोमीटरनं चाललं, तर वळणं आणि टाकी रिकामी करणं धरून तासाला दीड एकराच्या आसपास होतं. तासाला तीन एकर काढून देतो म्हणणाऱ्याला खरंच तीन एकर करायचे असतील तर त्याला दुप्पट पळावं लागेल, आणि त्याची किंमत तुमच्या रानात सांडेल. सरकारी अनुदानावर यंत्रं भाड्यानं देणाऱ्या कृषी यंत्र धारे केंद्रांत मशीनची चौकशी करायची असेल तर दिवाळीच्या तोंडाला नको, श्रावणातच करा.

हेडर, खरी गळती इथं

टाकीत पिवळाधमक मका पडताना बघायला बरं वाटतं, पण नुकसानीचा मोठा वाटा मशीनच्या तोंडाशीच होतो.

ओळी दुभागणाऱ्या टोपड्यांच्या मागं दोन साखळ्या असतात. त्या ताटं आत आणतात. त्यांच्याखाली ताट जमिनीकडं ओढणारे रोलर, आणि रोलरच्या वर दोन लोखंडी पट्ट्या. या दोन पट्ट्यांच्या फटीतून ताट खाली जातं आणि कणीस वर अडकून तुटतं. सगळा खेळ या फटीचा. फट जास्त असेल तर कणसाचं बूड रोलरपर्यंत पोचतं आणि बुडाचे दाणे तिथंच सोलून जमिनीवर पडतात. फट कमी असेल तर ताट मधेच तुटून चिपाड आत जातं. पुढच्या बाजूला सव्वा इंच आणि मागच्या बाजूला त्याहून एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त, ही चांगली सुरुवात आहे. ताटं बारीक आणि कणसं लहान असतील तर थोडी आवळा. दोन्ही पट्ट्या रोलरच्या बरोबर मध्यावर आहेत का, तेही बघा. एक पट्टी सरकलेली असली तर एका बाजूचे दाणे गळत राहतात आणि दोष मात्र ड्रमला दिला जातो.

वेग ताशी ३ ते ५ किलोमीटर. मीटरवर विश्वास नसेल तर शंभर फूट मोजून दोन काठ्या रोवा. तेवढं अंतर २७ सेकंदांत पार झालं तर वेग ४ किलोमीटर. ताट हेडरसमोर पुढं ढकललं जात असेल तर मशीन साखळीपेक्षा जास्त पळतंय. ताट मुळासकट उपटून मशीनकडं येत असेल तर साखळी जास्त पळतीय. ताट सरळ उभं असतानाच खाली गेलं पाहिजे.

हेडरची उंची सगळ्यात खालच्या कणसावरून ठरवा. उगाच जमिनीला घासत नेलं तर दगड, माती आणि चिपाड आत जातं. आडव्या पडलेल्या पट्ट्यात टोपड्या जमिनीलगत ठेवा, वेग निम्मा करा आणि ताटं ज्या दिशेला पडली आहेत त्याच्या उलट बाजूनं मशीन घाला. फारच लोळलं असेल तर तेवढा तुकडा माणसं लावून मोडलेला बरा. ती कणसं नंतर ट्रॅक्टरच्या मळणी यंत्रात घाला.

ड्रम, जाळी, पंखा

गव्हावरून थेट मक्यावर आलेलं मशीन असेल तर ड्रमचा वेग कमी केलाय का, हे सगळ्यात आधी विचारा. मक्याला ४०० ते ६०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, पुरतात. गव्हाचा वेग ठेवला तर दाण्याचा भरडा होतो. ड्रमखालची जाळी आणि ड्रम यांच्यामधलं अंतर पुढं २५ ते ३५ मि.मी. आणि मागं १५ ते २५ मि.मी. ठेवून सुरुवात करा. मशीनच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच आधी धरा.

सेटिंग बरोबर आहे की नाही, हे मागं पडणारं बुरकुंड सांगतं, म्हणजे दाणे निघालेलं रिकामं कणीस. ते आख्खं किंवा दोन तुकडे होऊन पडलं तर ठीक. चार-पाच तुकडे होत असतील तर जाळी फार जवळ आहे. बुरकुंडावर दाण्यांच्या ओळीच शिल्लक असतील तर जाळी थोडी जवळ घ्या, तरी जमलं नाही तर मग वेग थोडा वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. शेंड्याचे चार किडमिडे दाणे राहिले तर राहू द्या. ते काढायच्या नादात चांगला दाणा फुटतो आणि फुटक्या दाण्याला बुरशी आधी लागते.

मका जड, त्यामुळे पंखा जोरात ठेवला तरी दाणा सहसा उडत नाही. वरची चाळणी १२ ते १६ मि.मी., खालची ८ ते १२ मि.मी. उघडी ठेवा. टाकीत बुरकुंडाचे तुकडे येत असतील तर खालची चाळणी थोडी बंद करा.

सकाळी दव असताना सोलपटं ओलसर असतात, ती रोलरला गुंडाळतात. दहा-अकरानंतर सुरुवात करा. दुपारी सगळं कोरडं पडतं, तेव्हा सकाळची सेटिंग पुन्हा एकदा तपासा. उन्हाळी मका कडक वाळला असेल तर मात्र उलट. तो सकाळच्या गारव्यातच काढा, दाणे कमी उडतात.

पहिल्या फेरीनंतर मशीन थांबवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. काठ्या बांधून एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट करा. मशीन दोनशे फूट चाललं की थांबवायला सांगा, एक लांबीभर मागं घ्यायला लावा आणि तीन ठिकाणी चौकट टाका.

पहिली जागा, मशीनसमोर अजून न कापलेल्या मक्यात. इथं पडलेलं कणीस वाऱ्यानं, पाखरांनी किंवा डुकरांनी पाडलेलं, त्यात मशीनचा दोष नाही. दुसरी जागा, मशीन मागं घेतल्यावर समोर मोकळी झालेली, जिथून हेडर गेलं पण मागचा भुसा पडलेला नाही. इथले दाणे हेडरनं पाडलेले. तिसरी, मशीनच्या मागं. इथं जास्तीचे दाणे मिळाले तर ते चाळणी, पंखा किंवा जाळीचं काम. तिन्ही ठिकाणी निदान तीन-तीन वेळा मोजा.

एका चौरस मीटरमध्ये २० सुटे दाणे म्हणजे एकरी २४-२५ किलो गेले. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता, त्या भावानं एकराला पावणेसहाशे रुपये होतात. आख्ख्या कणसांसाठी गुंठ्याचा हिशेब सोयीचा. गुंठ्यात चार चांगली कणसं राहिली तरी एकराला तेवढंच नुकसान. एकरी २५ क्विंटल उतारा असेल तर ३ टक्के म्हणजे ७५ किलो. एवढं चालवून घ्या, त्यापेक्षा जास्त असेल तर मशीन पुढं सोडू नका. ड्रायव्हर कुरकुर करेल. त्याला चौकटीतले दाणे दाखवा, त्यासाठी भाषा लागत नाही.

चोंदलं तर

रोलरमध्ये चिपाड अडकलं की पटकन हातानं ओढायची सवय असते. मशीन चालू असताना ते कधीच करायचं नाही. रोलर ताट इतक्या झटक्यात ओढतो की हातातलं ताट सोडायलाही वेळ मिळत नाही. इंजिन बंद, चावी काढून खिशात, हेडर वर उचललं असेल तर टेकण लावलेलं, मगच हात घालायचा. दिवसातून दोनदा रेडिएटर आणि सायलेन्सरजवळचा भुसा झाडून घ्या, कारण वाळलेल्या मक्याचा भुसा सहज पेटतो. रानाच्या कडेला पाण्याचं बॅरल आणि बादल्या ठेवा. पोरांना टाकीवर किंवा ट्रॉलीत सांडणाऱ्या दाण्यांत खेळू देऊ नका.

त्याच दिवशी पसरा

१८-२० टक्के ओलीचा मका पोत्यात भरून रात्रभर ठेवला तर सकाळी पोतं आतून गरम लागतं. तिथून बुरशी आणि बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सुरू होतं. ट्रॉली आली की त्याच दिवशी ताडपत्रीवर दोन-तीन इंच जाडीचा थर करून पसरा, दर दीड-दोन तासांनी पाय किंवा दाताळं फिरवा आणि संध्याकाळी झाका. डांबरी रस्त्यावर वाळवलेल्या मालात खडे आणि फुटका दाणा येतो, तो भावातून वजा होतो.

हमीभावासाठी ओल १४ टक्क्यांच्या आत लागते. घरात साठवायचा असेल तर १२ टक्क्यांपर्यंत न्या. वजनातली घट आधी समजून घ्या म्हणजे व्यापाऱ्याशी वाद होणार नाही. २२ टक्के ओलीचा १०० किलो मका १४ टक्क्यांवर आला की ९०.७ किलो भरतो. ओलाच विकायचा तर भाव याहून जास्त कापला जातोय का, एवढं बघून ठरवा.

जनावरं असतील तर एक गोष्ट आधीच ठरवा. मशीननं काढलेल्या रानात वैरण म्हणून काही हाती लागत नाही, ताटं चेंगरून पसरलेली असतात. दोन म्हशींपुरते चार-पाच गुंठे हातानं कापून ठेवा. बाकीचे बुडखे रोटाव्हेटरनं किंवा मल्चरनं मातीत घाला.

रानात हरभरा पेरलात तर पेरणीनंतर पंधरा दिवसांनी चक्कर मारा. सांडलेल्या मक्याची रोपं तेव्हा वर आलेली असतात. ती मशीनच्या वाटेवर पट्ट्यापट्ट्यांनी दाट दिसली तर दाणे मागून गळत होते. जुन्या ओळींच्या जागी रेघेत उभी असतील तर हेडरच्या पट्ट्यांची फट जास्त होती. पुढच्या वर्षी तोच मशीनवाला आला तर पाना कुठं लावायचा, ते त्याला दाखवा.