बक्षीस समारंभाच्या आधीची वही

सहावी ते आठवीच्या मुलांचं कौतुक करायचं ठरलं की शाळेत पहिला प्रश्न निघतो तारखेचा. मग पाहुणे कोण, ढाली किती, माइक कुणाकडे. नावांची यादी सगळ्यात शेवटी, निकालपत्रकावरून घाईघाईने उतरवली जाते आणि तिच्यात दरवर्षीचीच सात-आठ मुलं असतात. मीही बरीच वर्षं असंच केलं. आता क्रम उलटा ठेवतो. वर्षभर नोंदी, त्यांतून यादी आणि समारंभ अगदी शेवटी.

१. आधी एक वही घाला

शंभर पानी साधी वही पुरते. प्रत्येक ओळीत तारीख, नाव आणि त्या मुलाने नेमकं काय केलं ते. सगळा जीव ‘नेमकं’ या शब्दात आहे. ‘गुणी मुलगी, मदत करते’ अशी नोंद दोन महिन्यांनी वाचली तर काहीच डोळ्यांसमोर येत नाही. माझ्या एका जुन्या वहीतल्या या दोन ओळी पाहा:

‘अपूर्णांकांची बेरीज चुकली. उत्तर खोडलं नाही. शेजारी नव्याने मांडलं आणि आधी जिथे चुकलं होतं तिथे बाण काढला.’

‘तालमीनंतर माइकच्या वायरी न सांगता गुंडाळून ठेवल्या. सलग तिसरा दिवस.’

वायरी गुंडाळणारा मुलगा कुठल्याच परीक्षेत वर आला नव्हता आणि खेळातही नव्हता. ही एक ओळ नसती तर त्याचं नाव कुठल्याही यादीत येण्याचं कारण नव्हतं.

शुक्रवारी शेवटच्या तासाला दहा मिनिटं काढा आणि पटावरची नावं वहीशी ताडून पाहा. चाळीसच्या वर्गात पाच-सहा मुलं तरी अशी निघतात, ज्यांच्या नावापुढे महिनाभर काहीच नसतं. ती मुलं काही करत नाहीत असं नसतं, आपलं तिकडे लक्ष गेलेलं नसतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे मुद्दाम पाहायचं. रकाना भरायचा म्हणून ओढूनताणून मात्र काही लिहू नका. बाराव्या वर्षी मुलांना उसनं कौतुक लगेच ओळखू येतं.

एकट्याच्या नजरेला मर्यादा असते, म्हणून ग्रंथपाल, खेळाचे शिक्षक आणि शिपाईमामा यांनाही विचारत जा. मधल्या सुट्टीत कोण एकटं बसतं आणि त्याच्याशेजारी कोण जाऊन बसतं, हे वर्गशिक्षकापेक्षा शिपाईमामांना जास्त माहीत असतं. मुलांसाठी चिठ्ठ्यांची पेटीही ठेवता येते, पण चिठ्ठ्या मोजायच्या नाहीत. मोजल्या की लोकप्रिय मुलांची निवडणूक होते. ज्या चिठ्ठीत प्रसंग आहे ती घ्या, ‘तो भारी आहे’ एवढंच असेल तर राहू द्या.

२. वाक्य आधी लिहा, मग बोला

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांनी पहिली कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’ असं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली आणि शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. हुशारीची स्तुती झालेल्या मुलांची कामगिरी या वेळी आधीपेक्षा घसरली आणि मेहनतीची स्तुती झालेल्यांची सुधारली. हुशारीवाल्या गटातल्या बऱ्याच मुलांनी तर नंतर आपले गुण वाढवून सांगितले.

यावरून ‘छान मेहनत!’ हा नवा शिक्का करून सगळ्यांवर उमटवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्याने काही साधत नाही. ज्याला काम सहज जमलं त्याला ‘किती कष्ट घेतलेस’ म्हटलं तर तो मनातल्या मनात हसतो. किरकोळ कामाची वारेमाप तारीफ केली, तर या वयाच्या मुलाला त्यातून ‘तुझ्याकडून एवढीच अपेक्षा होती’ हेच ऐकू येतं.

म्हणून वाक्यात मुलाने केलेली कृती असू द्या, विशेषण नसलं तरी चालेल. ‘उत्कृष्ट निबंध’ याऐवजी ‘पहिल्या मसुद्यातला शेवट काढून टाकायचं धाडस केलंस, त्यामुळे निबंध उभा राहिला’. दुसरं वाक्य बोलायला निबंध दोनदा वाचावा लागतो, आणि तो वाचला गेलाय हे मुलाला कळतं.

३. मुलाला विचारून घ्या

ही पायरी बहुतेक शाळा गाळतात. अकरा ते चौदा या वयात आपल्याकडे कुणीतरी पाहावं असं वाटतं आणि सगळे पाहू लागले की जमीन दुभंगावी असंही वाटतं, दोन्ही एकाच दिवशी. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तुझं काही चांगलं झालं तर कसं सांगू? सगळ्या शाळेसमोर, फक्त वर्गात, की घरी चिठ्ठी पाठवून? तीन चौकटी, एक खूण. अर्ध्या वर्षाने पुन्हा विचारा, उत्तरं बदललेली असतात.

फोटो लावायचे किंवा इंटरनेटवर टाकायचे असतील तर पालकांची लेखी परवानगी हवी आणि मुलाचा होकारही हवा. पालक ‘हो’ म्हणाले आणि मूल ‘नको’ म्हणालं, तर फोटो लावू नका.

४. छोटं आणि वरचेवर

वर्षातून एकदा तीन तास कौतुक करण्यापेक्षा दर सोमवारी परिपाठात पाच मिनिटं केलेलं परवडतं. आठवड्याला तीनच मुलं, प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं, ती वहीतूनच वाचायची.

फलकावर नुसती प्रमाणपत्रं लावण्यापेक्षा काम लावा, आणि पहिला मसुदा व शेवटचा मसुदा शेजारी शेजारी लावा. विज्ञानाच्या प्रयोगात आधी न चाललेलं यंत्रसुद्धा मांडा, खाली मुलांच्याच अक्षरात ‘का चाललं नाही’ ते लिहून. पाहायला आलेली मुलं तिथेच जास्त वेळ थांबतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

घरी केलेला फोन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्मीळ. शाळेचा नंबर दिसला की पालकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून पहिलं वाक्य ठरवून ठेवा: ‘तक्रार नाहीये, काळजी करू नका.’ एका आईने त्यावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, मग म्हणाल्या, ‘सर, जरा थांबता का, त्याच्या बाबांना फोन देते. त्यांनाही ऐकू दे.’ सगळं बोलणं दोन मिनिटांत संपलं.

५. बक्षिसांना हात आखडता ठेवा

मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. पुढे बक्षीस बंद झाल्यावर ही मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांजवळ रमली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता दिलं होतं, त्यांची आवड मात्र टिकली.

म्हणजे अचानक दिलं की झालं? तसंही नाही. शंभर टक्के हजेरीच्या प्रमाणपत्रांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रयोग आहे, सहावी ते बारावीच्या पंधरा हजारांहून जास्त अमेरिकी विद्यार्थ्यांवरचा. प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगून हजेरीत फरक पडला नाही, आणि ज्यांना ते अचानक मिळालं त्यांची गैरहजेरी पुढच्या महिन्यात वाढली. संशोधकांना वाटतं, की आपण अपेक्षेपेक्षा आणि वर्गमित्रांपेक्षा जास्तच शाळेत आलो असा अर्थ मुलांनी त्यातून काढला. माझं मत विचाराल तर हजेरीची प्रमाणपत्रं बंदच करावीत. आजारी पडणं हा काही अवगुण नाही.

क्रमवारीचा फलकही जपून. लिओनार्डो बर्स्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की माध्यमिक शाळांतल्या संगणकावर चालणाऱ्या वर्गांत पहिल्या तिघांची नावं झळकू लागल्यावर एकूण कामगिरी २४ टक्क्यांनी घसरली. पुढे दिसायला नको म्हणून मुलांनीच हात आवरता घेतला. तिसऱ्या पायरीतली चिठ्ठी आठवा.

६. समारंभाचा दिवस

आधी गणित करा. साठ मुलं आणि प्रत्येकी पाऊण मिनिट धरलं तर नुसत्या वितरणाला पंचेचाळीस मिनिटं जातात. पुढच्या भाषणांत मागच्या रांगा झोपतात. म्हणून वीस-वीसचे तीन गट करा आणि मधे मुलांचे कार्यक्रम ठेवा. पाहुण्यांना पाच मिनिटं द्या, आणि तीही आधी सांगून.

प्रमाणपत्रांवरची नावं आठवडाभर आधी मुलांनाच तपासायला द्या, शेजारी सही घ्या. नावं पुकारणाऱ्याने प्रत्येक मुलाच्या तोंडून त्याचं नाव एकदा ऐकून कागदावर तोडून लिहून ठेवावं. हे मी ठेच लागून शिकलो. एका कार्यक्रमात मी एका मुलाचं आडनाव चुकीचं वाचलं, चुकीच्या आडनावाचा अर्थ गमतीशीर निघाला आणि सभागृह हसलं. मुलगा प्रमाणपत्र घेऊन खाली गेला. वर्ष संपेपर्यंत सगळी शाळा त्याला त्याच नावाने हाक मारत होती. मी दुसऱ्याच दिवशी वर्गासमोर माफी मागितली, पण टोपणनाव माफीने पुसलं जात नाही.

प्रमाणपत्रांचा गठ्ठा पुकारण्याच्या क्रमानेच लावा, गैरहजर मुलांची वेगळ्या पाकिटात. नाटकात पडदा ओढणारी, प्रकाश सांभाळणारी, कपडे शिवून देणारी मुलं मंचावर यायची विसरतात. त्यांची नावं पुकारणाऱ्याच्या कागदावर सर्वांत वर लिहा.

७. हरून आलेल्यांचं काय करायचं

संघ स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होऊन परतला, की परिपाठात त्याचा उल्लेखच होत नाही. सोमवारच्या पाच मिनिटांतली दोन त्यांना द्या. ‘प्रयत्न चांगला होता’ असं आपण म्हणायचं नाही. त्यांनाच विचारायचं: सामना कुठे हातातून गेला, पुढच्या वेळी काय बदलाल? आमच्या मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार एकदा म्हणाली होती, ‘आम्ही पळायची तालीम केली, उठायची केलीच नाही.’ दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानावर नऊ जणी ओळीने बसून नुसतं उठायचा सराव करत होत्या. तारीख घालून मी ते वहीत लिहिलं.

समारंभ संपला, खुर्च्या उचलून झाल्या, की एक काम उरतं. मंचावर आलेल्या नावांची यादी पटाशेजारी ठेवायची आणि जी नावं कुठेच आली नाहीत, ती पुढच्या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून वर्गशिक्षकाच्या हातात द्यायची.