आयआरएसचं पत्र आलंय? आधी कोपऱ्यातला नंबर बघा

अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, कोणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारतं, "आयआरएसचं पत्र आलंय, काय करू?" आयआरएस म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं. मी विचारतो, "कधी आलं?" उत्तर बहुतेक वेळा एकच: "झाला असेल महिनाभर." पत्रातल्या मजकुरापेक्षा हा महिनाभरच जास्त महागात पडतो.

तेव्हा पहिलं काम, पाकीट फाडा. पत्राच्या वरच्या किंवा खालच्या उजव्या कोपऱ्यात 'सीपी' किंवा 'एलटी' अशा अक्षरांपुढे एक नंबर असतो. तो, कोणत्या वर्षाच्या कराबद्दल पत्र आहे ते, आणि उत्तर द्यायची शेवटची तारीख, एवढं कॅलेंडरवर लिहून टाका. मुदत पत्रावरच्या तारखेवरून धरतात, तुम्ही पाकीट उघडलंत त्या दिवसापासून नाही.

दुसरं, पत्र खरं आहे का ते बघा. आयआरएस साधारणपणे आधी टपालानेच गाठते. "अर्ध्या तासात पैसे भरा नाहीतर पोलीस येतील" असा फोन करत नाही आणि गिफ्ट कार्डवर कर घेत नाही. असे फोन कुठून यायचे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथली पोरं आयआरएसचे अधिकारी बनून अमेरिकेत फोन लावत होती. शंका आली तर पत्रावरच्या किंवा फोनवर सांगितलेल्या नंबरवर विसंबू नका. आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात जा, बरीचशी पत्रं आणि थकबाकी तिथे दिसते.

सीपी २०००: हे बिल नाही

आयटीतल्या आपल्या मंडळींना सगळ्यात जास्त येतं ते हे. कंपनीने किंवा ब्रोकरने कळवलेले आकडे तुमच्या रिटर्नशी जुळत नाहीत, म्हणून कर असा बदलावा असं आम्हाला वाटतं, एवढंच त्यात म्हटलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. कंपनीने दिलेले ४०,००० डॉलरचे शेअर तुमच्या नावावर झाले. ती रक्कम पगारात धरून डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या फॉर्मवर आली, कर कापला गेला. चार दिवसांनी तुम्ही ते ४०,५०० ला विकले आणि रिटर्नमध्ये ती विक्री दाखवायची राहिली. ब्रोकरच्या १०९९-बी वर, म्हणजे विक्रीची माहिती देणाऱ्या फॉर्मवर, खरेदी किंमत कोरी किंवा शून्य असते. आयआरएसचा संगणक म्हणतो, नफा ४०,५००. चोवीस टक्क्यांनी कर झाला ९,७२०, वर वीस टक्के दंड म्हणजे आणखी १,९४४. तुमचा खरा नफा ५००, त्यावरचा कर १२०.

घाबरून चेक लिहून देणारे मी पाहिलेत. तसं करू नका. उत्तराच्या फॉर्मवर 'मान्य नाही' ही खूण करा, शेअर विक्रीचा हिशेब दाखवणारा फॉर्म ८९४९ भरून जोडा, खरी खरेदी किंमत दाखवणारं ब्रोकरचं पूरक विवरण आणि डब्ल्यू-२ ची प्रत लावा, कारण चार ओळींत लिहा आणि मुदतीच्या आत पाठवा. टपालाने पाठवलंत तर सर्टिफाइड मेलने. पावती जपून ठेवा.

उत्तरच दिलं नाही तर पुढे 'नोटिस ऑफ डेफिशियन्सी', म्हणजे कर कमी पडल्याची कायदेशीर नोटीस येते. तिच्यावर ९० दिवसांत टॅक्स कोर्टात अर्ज करता येतो, तोही आधी कर न भरता. पत्र अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर आलं असेल तर १५० दिवस. आयआरएसशी फोनवर बोलणं चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

दंडाचं गणित

पैसे नसले तरी रिटर्न वेळेवर भरा. रिटर्न उशिरा भरल्याचा दंड न भरलेल्या कराच्या महिन्याला पाच टक्के, जास्तीत जास्त पंचवीस. रिटर्न वेळेवर पण पैसे उशिरा, तर महिन्याला अर्धा टक्का. दोन्ही एकाच महिन्यात लागले तर मिळून पाचच टक्के. म्हणजे १०,००० डॉलर देणं असताना पाच महिने काहीच केलं नाही तर दंड २,५००. रिटर्न वेळेवर भरून पैसे पाच महिन्यांनी दिले तर २५०. व्याज दोन्हीकडे लागतं, तेही रोज चक्रवाढीने. फॉर्म ४८६८ ने मिळणारी मुदतवाढ रिटर्न भरायला असते. पैशांना नसते.

मागची तीन वर्षं स्वच्छ असतील तर उशिराचा दंड पहिल्या वेळी माफ होऊ शकतो. फोनवरही मागता येतं. लोक मागतच नाहीत.

वसुली कशी चढत जाते

कर ठरला की सीपी १४ येतं, हे मात्र खरं बिल. मग सीपी ५०१, ५०३, ५०४ अशी स्मरणपत्रं. याच टप्प्यावर हप्ते बांधून घ्या. एकूण देणं ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर अर्ज ऑनलाइन होतो, आणि मूळ रिटर्न वेळेवर भरलं असेल तर हप्ते चालू असेपर्यंत अर्ध्या टक्क्याचा दंड पाव टक्क्यावर येतो.

एलटी ११ किंवा लेटर १०५८ आलं तर त्या दिवशीची बाकीची कामं बाजूला ठेवा. जप्तीपूर्वीची ही शेवटची सूचना. ३० दिवसांत फॉर्म १२१५३ पाठवून सुनावणी मागितलीत तर त्या देण्याची जप्ती सहसा थांबते. गप्प बसलात तर पगारावर, बँक खात्यावर हात पडतो. बँक पैसे गोठवल्यावर २१ दिवस थांबते, मग पाठवून देते. कर आकारल्यापासून दहा वर्षांत वसुली करावी लागते, पण अपील वगैरे चालू असताना हे घड्याळ थांबतं, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

आणि गाशा गुंडाळून पुण्याला परतला असाल तर फॉर्म ८८२२ भरून नवा पत्ता कळवा. आयआरएसने तिच्याकडच्या शेवटच्या पत्त्यावर पाठवलेली डेफिशियन्सी नोटीस कायद्याने पोहोचलेली धरतात, मग ती न्यू जर्सीतल्या एडिसनच्या जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून का असेना.